पोलीस मालिकेतला एक भाग खरा वाटावा म्हणून: पहिल्या फोनपासून रिमांडपर्यंत

प्रश्न थोडक्यात असा: मराठी पोलीस मालिकेसाठी पाऊण तासाचा एक भाग लिहायचा आहे. एकटी राहणारी वृद्ध बाई फ्लॅटमध्ये पलंगावर मृत सापडते, हातातल्या बांगड्या नाहीत. मसुद्यात डीएनएचा अहवाल त्याच संध्याकाळी येतो, रात्री दहाला केअरटेकर बाईला ठाण्यात आणलं जातं, दोन थोबाडीत बसल्यावर ती कबूल करते आणि भाग संपतो. पोलिसांचं काम खरं वाटण्यासाठी यात काय बदलायचं?

अहवाल, रात्रीची चौकशी आणि कबुली, तिन्ही बदला. कायद्यात बसत नाही हे एक कारण झालंच, पण कथेचा खरा ताणही नेमका तिथेच वाया जातोय. अशा गुन्ह्यात संशय कुणावर जातो हे ठाण्यातल्या लोकांना बऱ्याचदा लवकर कळतं. पुढचे दिवस आणि महिने जातात ते कळलेलं कोर्टात टिकवण्यात. तुमचा भाग 'कोणी केलं' यापेक्षा 'हे सिद्ध होईल का' या प्रश्नावर उभा करा. मग पंचनामा, घड्याळ, सही, सील या गोष्टी माहिती म्हणून भरायची गरज पडत नाही, त्यांच्यावरच प्रसंग फिरतात.

आधी कथेची तारीख ठरवा. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाले. त्यानंतर घडलेल्या खुनाला कलम 302 लागत नाही, 103(1) लागतं. पुरावा नष्ट करण्याचं 201 आता 238 झालं, सामाईक इराद्याचं 34 आता 3(5). गुन्हा 28 जूनला घडला आणि नोंद 3 जुलैला झाली, तर कलमं जुन्या दंड संहितेची, पण नोंदणी आणि तपासाची पद्धत नव्या संहितेची. बोलण्यात मात्र जुने आकडे अजून येतात. निवृत्तीला आलेला हवालदार 'तीनशे दोन' म्हणतो आणि कॉम्प्युटरवर बसलेली अंमलदार 103 टाइप करते, एवढ्याने काळ कळून जातो.

आता पहिला फोन. तो 112 वर जातो, तिथून हद्दीतल्या गाडीला किंवा बीट मार्शलला, म्हणजे त्या भागात गस्तीवर असलेल्या पोलिसाला, कॉल मिळतो. सर्वात आधी पोहोचतात ते दोन अंमलदार, मोठा साहेब नव्हे. त्यांची कामं तीन: बाई जिवंत असण्याची जरा जरी शक्यता असेल तर दवाखान्यात हलवणं, खोलीतली गर्दी बाहेर काढणं आणि ठाण्याला कळवणं. इथेच तपास बिघडायला सुरुवात होते, म्हणून हा प्रसंग घाईत उरकू नका. शेजारीण रडत रडत मृतदेहाच्या डोक्याखाली उशी सरकवते, कुणी पंखा लावतं, कुणी पाण्याचा ग्लास विसळून ठेवतं. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. पण ती उशीच पुढे मुख्य पुरावा ठरणार असेल, तर तिला कुणाकुणाचे हात लागले हे उलटतपासणीत विचारलं जाणार.

लगेच 'खुनाचा गुन्हा दाखल करा' असंही होत नाही. म्हातारी बाई, पलंग, अंगावर उघड जखम नाही. अशा वेळी आधी अकस्मात मृत्यूची नोंद होते. ठाण्यात सगळे 'एडी' म्हणतात, नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 194. फॅमिली डॉक्टर नैसर्गिक मृत्यूचा दाखला द्यायला तयार असतो आणि घरच्यांना दुपारपर्यंत अंत्यविधी उरकायचा असतो. बांगड्या कुठे गेल्या हे एका महिला अंमलदाराच्या लक्षात येतं: मनगटावर वर्षानुवर्षांच्या बांगड्यांनी पडलेला फिकट पट्टा आहे आणि शेजारी ताजं खरचटलेलं आहे. शवविच्छेदन होणारच, असं ठाणं नातेवाईकांना सांगतं. पहिला संघर्ष इथे आहे, आणि तो घरच्यांशी आहे.

मरणोत्तर पंचनाम्याचा प्रसंग नीट लिहिला तर पुढचा अर्धा भाग त्यावर चालतो. दोन पंच लागतात, स्वतंत्र आणि शक्यतो त्याच भागातले. कुणी सहजासहजी तयार होत नाही, कारण पुढे कोर्टाच्या तारखांना यावं लागतं हे लोकांना ठाऊक असतं. तपास अधिकारी बोलतो आणि त्याचा रायटर लिहितो, म्हणजे साहेबांची कागदपत्रं सांभाळणारा अनुभवी हवालदार. हे पात्र मालिकांमध्ये जवळपास दिसतच नाही, आणि ठाणं खरं वाटण्यासाठी तेच सर्वात उपयोगी आहे. वाक्यं साधारण अशी पडतात: 'मयत पलंगावर उताणी, डोके पूर्वेस, पाय पश्चिमेस. अंगावर छातीपर्यंत चादर. डाव्या मनगटावर खरचटल्याची खूण.' दारापासून पलंगाचं अंतर टेपने मोजतात. लॅच आतून की बाहेरून लागलेलं होतं, खिडकीची कडी कशी होती, गॅसवर काय होतं, हे सगळं लिहिलं जातं. शेवटी सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ, मग पंचांच्या सह्या. त्या वेळेचा मेळ ठाणे दैनंदिनीतल्या नोंदीशी बसला नाही, तर बचावाचा वकील पहिला प्रश्न तोच विचारतो.

नव्या कायद्यानुसार झडती आणि जप्तीचं ऑडिओ-व्हिडिओ चित्रीकरण करावं लागतं (कलम 105). त्यासाठी ई-साक्ष्य हे ॲप आहे. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक पथकाने घटनास्थळी यावं अशीही तरतूद आहे (176(3)). म्हणून तुमच्या दृश्यात कुणाच्या तरी हातात मोबाईल धरलेला हवा, आणि रेंज गेली, बॅटरी संपली असल्या खऱ्या अडचणी हव्यात. वस्तू पॅक करताना रक्त किंवा लाळेचा डाग असलेलं कापड प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीही दाखवू नका. ओल अडकते, बुरशी येते, नमुना खराब होतो. कापड सावलीत वाळवून कागदात गुंडाळतात, पाकिटावर पंचांच्या सहीची चिठ्ठी लावतात आणि लाखेचं सील मारतात. लाख वितळवून सील उमटवण्याचं दृश्य कॅमेऱ्याला फार चांगलं दिसतं, तरी मालिकांत कुणी वापरत नाही.

पोस्टमॉर्टेमबद्दल एक गोष्ट बहुतेक लेखकांना माहीत नसते. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नोव्हेंबर 2021 मध्ये सूर्यास्तानंतर शवविच्छेदनाला परवानगी दिली, पण खून, आत्महत्या, बलात्कार, कुजलेले मृतदेह आणि घातपाताचा संशय असलेली प्रकरणं, कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न नसेल तर, त्यातून वगळली. म्हणजे तुमच्या कथेतला मृतदेह संध्याकाळी शवागारात पोहोचला तर काम सकाळीच होणार. ही एक रात्र लेखकाला आयती मिळते. घरचे शवागाराबाहेर बसलेले असतात आणि मृतदेहासोबत आलेला अंमलदार कागद सांभाळत असतो.

डॉक्टरच्या तोंडी 'मृत्यू रात्री 9 वाजून 20 मिनिटांनी झाला' असं वाक्य घालू नका. असं कुणीच सांगू शकत नाही. ताठरता मृत्यूनंतर दोन-तीन तासांत जबडा-मानेत जाणवू लागते, साधारण बारा तासांत सर्वांगात येते आणि मग ओसरते. उन्हाळ्यात येतेही लवकर आणि जातेही लवकर. डॉक्टर काही तासांचा पट्टा देतात, तोही 'साधारण' म्हणून. तुमच्या कथेला वळण द्यायला वेळेपेक्षा लिव्हिडिटी जास्त कामाची आहे. हृदय थांबल्यावर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला उतरतं आणि त्वचेवर जांभळट डाग पडतात. साधारण सहा ते आठ तासांत ते पक्के होतात, नंतर मृतदेह पालथा-उताणा केला तरी जागा सोडत नाहीत. बाई सापडली उताणी, पण डाग छाती-पोटावर आहेत, आणि नाक-तोंडाभोवतीची त्वचा दाबली गेल्यामुळे फिकट आहे. म्हणजे मेल्यावर ती कित्येक तास पालथी होती आणि नंतर कुणीतरी तिला वळवून चादर घातली.

हा डॉक्टर जबाबदारीने बोलायला हवा. पालथ्या पडलेल्या माणसाचा मृत्यू नैसर्गिक असला तरी चेहऱ्यावर असा फिकट भाग दिसू शकतो, एवढ्यावर गुदमरून मारलं असं म्हणता येत नाही. म्हणून तो ओठ उलटून पाहतो: आतल्या बाजूला दातांच्या दाबाने झालेल्या बारीक जखमा आहेत. तरीही तो अंतिम अभिप्राय लगेच देत नाही. व्हिसेरा राखून ठेवतो, म्हणजे जठर त्यातल्या अन्नासह, लहान आतड्याचा तुकडा, यकृत आणि मूत्रपिंडांचे भाग मिठाच्या संपृक्त द्रावणात. ते बरण्यांमध्ये सील होऊन न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातात. मुख्य प्रयोगशाळा मुंबईत कालिन्याला आहे, शिवाय नागपूर, पुणे, नाशिक अशा ठिकाणी प्रादेशिक शाखा आहेत. ठाण्यात या अहवालाला 'सीए रिपोर्ट' म्हणतात आणि तो त्याच संध्याकाळी येत नाही. आठवडे, कधी महिने लागतात. तुमच्या भागात तो येऊच देऊ नका. त्याच्या मागणीचं पत्र टेबलावर पडलेलं दिसलं तरी पुरे. बोटांचे ठसे वेगळ्या खात्याकडे जातात, अंगुलीमुद्रा केंद्राकडे. ते राज्य गुन्हे अन्वेषण विभागाच्या अखत्यारीत आहे. 'फॉरेन्सिक' नावाचा एकच माणूस ठसे, रक्त आणि मोबाईल तिन्ही बघतोय असं दाखवू नका.

डॉक्टरचा प्राथमिक अभिप्राय मिळाला की एडीचं रूपांतर गुन्ह्यात होतं. घरातलं कुणी तक्रारीला पुढे येत नसेल तर ठाण्यातलाच अधिकारी सरकारतर्फे फिर्याद देतो. गुन्हा रजिस्टर नंबर पडतो आणि तपास पोलीस निरीक्षकाकडे येतो, शहरात बहुधा निरीक्षक (गुन्हे) यांच्याकडे. सहायक आयुक्त आणि उपायुक्त भेट देऊन सूचना करतात, रोजचा तपास ते करत नाहीत. साध्या कपड्यातली मंडळी डीबी पथकाची, म्हणजे गुन्हे प्रकटीकरण पथकाची. आणि या सगळ्यांना त्याच आठवड्यात बंदोबस्तही असतो. तपास अधिकारी अर्धा दिवस मिरवणुकीत उभा आहे आणि फोनवरून डीव्हीआर, म्हणजे सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र, ताब्यात घ्यायला सांगतोय, हे फार नेहमीचं आहे.

सीसीटीव्हीवर थोडा वेळ थांबा, कारण तुमच्या भागाचा मधला कणा इथे मिळतो. सोसायटीच्या डीव्हीआरमध्ये जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. डिस्क आणि कॅमेऱ्यांच्या संख्येनुसार एखादा आठवडा ते महिनाभर टिकतं. म्हणून पहिल्याच दिवशी तिथे पोहोचावं लागतं. पोहोचल्यावर पहिलं काम चित्रण बघणं नाही, घड्याळ बघणं. डीव्हीआरवरची वेळ आणि मोबाईलवरची खरी वेळ शेजारी शेजारी ठेवून फोटो काढायचा आणि फरक पंचनाम्यात लिहायचा. समजा, डीव्हीआर 17 मिनिटं पुढे आहे. चित्रणात मयत बाईचा पुतण्या 9:25 ला लिफ्टमधून बाहेर पडताना दिसतो. पण 9:20 ला त्याचं कार्ड सहा किलोमीटरवरच्या पेट्रोल पंपावर वापरलं गेलंय, आणि बँकेची वेळ पक्की असते. म्हणजे चित्रणातला माणूस दुसराच, असं सगळे धरून चालतात. फरक वजा केला की तो 9:08 ला इमारतीतून निघालेला असतो आणि बारा मिनिटांत स्कूटरवर सहा किलोमीटर आरामात होतात. पंचनाम्यात हा फरक त्याच दिवशी लिहिलेला असेल तर पुरावा उभा राहतो. दहा दिवसांनी आठवण झाली, तोवर कुणीतरी डीव्हीआरची वेळ नीट करून ठेवली, तर वकील म्हणणार की पोलिसांनी गणित जुळवून घेतलं. चित्रणाच्या प्रतीसोबत साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं, त्यात फाईलची हॅश व्हॅल्यू नोंदवतात, म्हणजे फाईल नंतर बदललेली नाही हे तपासता येईल असा तिचा सांकेतिक आकडा. जुन्या 65-ब चीच ही पुढची आवृत्ती.

'लोकेशन काढा' हे वाक्य शक्य तितकं टाळा. सीडीआरमध्ये, म्हणजे फोन कंपनीकडच्या कॉलच्या नोंदींमध्ये, कोणी कुणाला किती वाजता, किती सेकंद फोन केला, हँडसेटचा ओळख क्रमांक (आयएमईआय) आणि टॉवरचा सेल आयडी एवढं येतं. बोलणं येत नाही. टॉवरचा पट्टा शहरात काहीशे मीटर, उघड्या भागात काही किलोमीटरचा असतो. पुतण्या दोन गल्ल्या सोडून राहत असेल तर तो स्वतःच्या घरी असतानाही आणि काकूच्या घरी असतानाही टॉवर एकच दाखवणार. म्हणजे सीडीआर इथे काहीच सिद्ध करत नाही, आणि ते तपास अधिकाऱ्याने वरिष्ठांना सांगण्याचा प्रसंग खूप खरा वाटेल.

आता केअरटेकर बाई. तिला आरोपी ठरवण्यापेक्षा तिच्यावर लिव्हिडिटीचं कोडं सोडवा. तिच्याकडे लॅचची किल्ली आहे. कॅमेऱ्यात ती सकाळी सातला आत जाताना दिसते आणि पुन्हा नऊला. तिने सांगितलंय फक्त नऊचं. खरं असं, की सातला तिने मालकीणबाईंना पालथं पाहिलं, उठवायला म्हणून वळवलं, घाबरली, चादर घालून निघून गेली. गुन्हा तिने केलेला नाही, पण तिच्या गप्प बसण्याने तपास दोन दिवस चुकीच्या दिशेने जातो.

तिला रात्री दहाला ठाण्यात आणता येत नाही. साक्षीदार म्हणून महिलेला तिच्या घराखेरीज दुसरीकडे हजर राहायची सक्ती करता येत नाही (कलम 179), ती स्वखुशीने आली तर गोष्ट वेगळी. अटक करायची झाली तरी सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत महिलेला अटक करता येत नाही. अपवादात्मक परिस्थितीत महिला अधिकाऱ्याने लेखी अहवाल देऊन न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी घ्यावी लागते. म्हणून चौकशीचा प्रसंग तिच्या एका खोलीच्या घरात घ्या. महिला उपनिरीक्षक जमिनीवर बसलेली, मुलं शेजारच्या घरी पाठवलेली.

'ताई, सातला तुम्ही वर गेला होतात ना?'
'नाही, मॅडम. नऊलाच गेले.'
'दूध कोणी आत घेतलं मग? पिशवी दारात नव्हती. फ्रीजमध्ये होती.'

फोटो समोर न टाकता दुधाच्या पिशवीवरून ती बोलती होते. चांगली चौकशी अशीच असते: बरंचसं आधीच माहीत असतं, आणि समोरच्याला खरं सांगायला वाट ठेवलेली असते.

थोबाडीत मारण्याचा प्रसंग वास्तव म्हणून ठेवायचा असेल तर त्याचे परिणामही दाखवावे लागतील. सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये सर्व पोलीस ठाण्यांत आवाजासह सीसीटीव्ही लावायचे आदेश दिले. अटक झाली की वैद्यकीय तपासणी होते आणि हजर केल्यावर दंडाधिकारी विचारतात, 'पोलिसांबद्दल काही तक्रार?' शिवाय मारून मिळालेल्या कबुलीचा उपयोग शून्य. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात येतच नाही (साक्ष्य अधिनियम कलम 23, जुनी कलमं 25 आणि 26).

एक अपवाद आहे आणि तुमच्या भागाचा कळस त्यावरच बेतावा. कोठडीतल्या आरोपीच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या निवेदनाचा फक्त शोधाशी थेट संबंध असलेला भाग ग्राह्य धरतात. जुन्या कायद्यात हे कलम 27 होतं, म्हणून जुन्या लोकांच्या बोलण्यात तो अजून 'सत्तावीसचा पंचनामा' असतो. पद्धत अशी: पंचांना आधी बोलावतात. त्यांच्यासमोर पुतण्या सांगतो, 'मी बांगड्या लपवलेली जागा दाखवतो.' निवेदन लिहून सह्या होतात. मग सगळे गाडीत बसतात, रस्ता तो सांगतो, गाडी तो थांबवायला सांगतो, वस्तू तो काढून देतो. जप्तीचा दुसरा पंचनामा तिथेच होतो. 'मी काकूला उशीने दाबलं' हे वाक्य त्याने त्याच दमात उच्चारलं तरी कोर्टात ते वगळलं जातं. तुम्ही ते प्रेक्षकांना ऐकवा आणि तरीही ते निरुपयोगी आहे हे रायटरच्या थांबलेल्या पेनातून दाखवा.

हा पंचनामा फसतो कसा तेही ठरलेलं आहे. उत्साही अंमलदार आदल्या रात्रीच बांगड्या पाहून येतो, मग शोध लागला असं म्हणता येत नाही. जागा उघडी, येण्याजाण्याची असेल तर आरोपीलाच ती माहीत होती हे पटत नाही. पंच ठाण्याच्या नेहमीच्या ओळखीतला असेल तर त्याची साक्ष तिथेच पातळ होते. यातली एक चूक कथेत घाला. माझ्या मते पहिली. साहेबाला ती कळते तेव्हा पथकाने मेहनतीने मिळवलेली गोष्ट हातची जाते, आणि त्या अंमलदाराचा हेतू चांगलाच होता.

अटकेनंतर 24 तासांच्या आत आरोपीला दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. अटकेची कारणं लेखी द्यायची, नातेवाईकाला कळवायचं, अटक पंचनाम्यावर साक्षीदाराची सही घ्यायची. यातलं काही राहिलं तर अटकच बेकायदा ठरू शकते, खून कितीही स्पष्ट असला तरी. पुतण्याला कुणा प्रत्यक्षदर्शीकडून ओळखायचं असेल तर त्याच्या तोंडावर कापड येतं. ओळख परेडआधी साक्षीदाराने चेहरा पाहिला तर परेडला अर्थ राहत नाही, म्हणून. ओळखीच्या माणसासाठी परेड नसते, तेव्हा केअरटेकरकडून पुतण्याची परेड लिहू नका.

रिमांडची सुनावणी भव्य नसते. गजबजलेला कोर्ट हॉल, आधीच्या प्रकरणाचे लोक बाहेर पडतायत, काही मिनिटांत सगळं होतं. सरकारी वकील सात दिवस मागतात: उशी प्रयोगशाळेत पाठवायची आहे, उरलेला ऐवज हस्तगत करायचा आहे. बचाव म्हणतो, जप्ती झाली आहे, कोठडीची गरज काय? दंडाधिकारी केस डायरी, म्हणजे तपासाची रोजची नोंदवही, चाळतात आणि तीन दिवस देतात. पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांपुरती. खुनात नव्वद दिवसांत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो.

मिनिटांचं गणित जाहिराती वगळून साधारण असं ठेवा: पहिली बारा घटनास्थळ आणि घरच्यांशी झगडा, पुढची आठ शवागार, दहा-बारा डीव्हीआर आणि केअरटेकर, उरलेली बांगड्या आणि कोर्टासाठी. गोळीबार आणि पाठलाग लागत नाहीत. शेवटचं दृश्य रिमांडच्या आदेशानंतर ठाण्यात घ्या: रायटर पुढच्या तीन दिवसांची कामं लिहून काढतोय, सीए रिपोर्टसमोरची जागा अजून रिकामी, आणि बांगड्या आदल्या रात्री कोणी पाहिल्या होत्या हे केस डायरीत लिहायचं की नाही, असं तो साहेबांना विचारतो. साहेबांनी 'लिही' म्हणावं.